मोरीत जाणारी निवळ

“ती निवळ कुठाय?” मॅडमनी विचारलं.

“टाकली, मॅडम.”

“सगळी?”

“मोरीत. ब्लीच घालून, नेहमीसारखी.”

इंदुमती सावर्डेकर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. रागावल्या की त्या मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळे त्या रागावलेल्या नाहीत एवढं मला कळलं. मग त्यांना काय झालंय, ते मात्र कळेना.

“बस,” त्या म्हणाल्या. “आणि मला पहिल्यापासून सांग. काय काय केलंस, कुठल्या क्रमानं.”

मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होतो, त्याला आता वीसेक वर्षं झाली. शिरोळ भागातल्या एका घरच्या ताकातून मॅडमनी एक जीवाणू वेगळा काढला होता. दह्याताकातले बरेच जीवाणू पोटाला चांगले असतात, पण ह्याची गोष्ट निराळी होती. आतड्याच्या अस्तराच्या पेशी आम्ही काचेच्या बशीत वाढवायचो आणि त्यांना मुद्दाम चिथवायचो. चिथवल्या की त्या दाहाचे संदेश सोडायला लागतात. आजारी आतड्यात नेमकं हेच होतं. अशा खवळलेल्या पेशींवर मॅडमचा जीवाणू सोडला की त्या शांत व्हायच्या. मात्र जीवाणू जिवंत हवा आणि त्यानं पेशीला स्पर्श करायला हवा, असं मॅडमनी दाखवून दिलं होतं. मेलेले जीवाणू घाला, काही नाही. जीवाणू काढून टाकून ते ज्यात वाढले ते पाणी घाला, काही नाही. ‘जिवंत स्पर्श’ हा त्यांचाच शब्द. आमच्या क्षेत्रात त्यांचं नाव ह्या दोन शब्दांवर उभं होतं.

जीवाणू वाढलेलं ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की जीवाणू तळाशी बसतात आणि वर नितळ द्रव राहतो. ताक ठेवून दिलं की वर पाणी सुटतं, तसं. आम्ही त्याला निवळच म्हणायचो. प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी ही निवळ बारीक गाळणीतून गाळून एका बशीत घालायची, काहीच होत नाही हे नोंदवायचं आणि उरलेली मोरीत ओतायची, असा रिवाज होता.

त्या आठवड्यात मात्र निवळ घातलेल्या पेशीही शांत झाल्या होत्या.

“मॅडम, नळ्यांची अदलाबदल झाली असणार माझ्याकडून,” मी म्हणालो. “म्हणून काल ताजे जीवाणू घेऊन परत केला प्रयोग. काल काहीच झालं नाही. म्हणजे आधीचं चुकलं होतं.”

“असेल. पण कसं चुकलं ते सांग की. चूकसुद्धा कशानं तरी होते.”

मी सांगत गेलो. त्या मधेमधे अडवून विचारत राहिल्या. पाणी कुठलं, पेशी कुठल्या, फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये कधी ठेवला, बाहेर कधी काढला.

“बाहेर काढला तो मिरवणुकीनंतर,” मी म्हणालो. “अनंत चतुर्दशीला रस्ते बंद होते ना. लक्ष्मी मार्केटपासून सगळ्या कमानी, पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी गावाकडंच राहिलो. आलो तेव्हा फ्लास्क तसाच होता.”

“किती दिवस?”

“विसर्जनाच्या आधीपासून.”

“म्हणजे आपण नेहमी एका रात्रीत काढतो, ते जीवाणू ह्या वेळी म्हातारे झाले होते.”

“होय. पुष्कळसे मेलेही असतील.”

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “मगदूम, जा. नवा फ्लास्क लाव आणि त्याला म्हातारा होऊ दे.”

म्हातारा झालेल्या फ्लास्कची निवळ घातली आणि पेशी शांत झाल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ह्या वेळी नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मॅडमनी स्वतः लावल्या होत्या.

त्यानंतरचे दिवस मला अजून जसेच्या तसे आठवतात. साठीला टेकलेली ती बाई सकाळी माझ्या आधी लॅबमध्ये हजर असायची. साडीवर पांढरा कोट, पदर कमरेला खोचलेला. निवळीत असं काय आहे, ह्याचा त्यांनी पिच्छाच पुरवला. आंबटपणामुळे होत असेल म्हणून आम्ही आम्ल मारून बघितलं, तरी निवळ काम करत राहिली. एखादं प्रथिन असेल म्हणून ती उकळली. उकळल्यावर बहुतेक प्रथिनं कामातून जातात. निवळ काही कामातून गेली नाही.

“उकळूनही टिकतं,” मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “पेशी फुटली की बाहेर येतं. म्हातारपणी जास्त सापडतं.” आणि एकदम माझ्याकडे वळून, “काय असेल रे?”

मला उत्तर सुचलं होतं, पण ते उच्चारायची भीती वाटत होती. “डीएनए?”

“मग भितोस कशाला? कापून बघू.”

डीएनए तेवढा कापून टाकणारं एक एन्झाइम असतं. बाकी कशाला ते हात लावत नाही. ते घालून निवळ तासभर ठेवली आणि मग पेशींवर सोडली. दुसऱ्या दिवशी यंत्रातून आकडे आले, तेव्हा आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. पेशी खवळलेल्याच राहिल्या होत्या. डीएनए गेला आणि निवळीचा सगळा गुण त्याच्याबरोबर गेला.

मग उलट बाजूनं बघितलं. त्याच जीवाणूचा शुद्ध डीएनए काढून पेशींवर घातला. पेशी शांत झाल्या. माणसाचा डीएनए घातला. काही झालं नाही.

मी आनंदानं जवळजवळ ओरडलोच. मॅडम हसल्या, पण लगेच खुर्चीत बसल्या. जरा वेळानं माझ्या लक्षात आलं की आम्ही नेमकं काय शोधून काढलंय.

“मॅडम,” मी चाचरत म्हणालो, “पण मग तुमच्या त्या ‘जिवंत स्पर्श’च्या पेपरात मेलेल्या जीवाणूंनी काम केलं नव्हतं.”

“कारण आम्ही ते धुतले होते,” त्या म्हणाल्या. “मारले आणि खळखळून धुतले, तीन-तीनदा. आणि निवळ घेतली ती ताज्या जीवाणूंची. इतक्या स्वच्छतेनं काम केलं, की जे शोधायचं तेच मोरीत गेलं. जिवंत जीवाणू पेशीवर बसायचे, त्यातले काही तिथेच मरायचे, फुटायचे. काम ते मेलेले करत होते. श्रेय मी जिवंतांना दिलं.”

हे बोलताना त्यांचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. आकड्यांचा कागद मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

गोष्ट इथेच थांबली असती, तर ती फक्त आमच्या दोघांची राहिली असती. पण दिवाळीनंतर डॉक्टर इक्बाल काझींच्या रुग्णालयात ह्याच जीवाणूची चाचणी सुरू व्हायची होती. काझी पोटाच्या विकारांचे डॉक्टर. मोठ्या आतड्याला व्रण पडून रक्त जाणारा आजार असतो, त्याचे त्यांचे रुग्ण आमच्या जिवंत जीवाणूची पुडी घेणार होते. दोन वर्षं खपून त्यांनी परवानग्या मिळवल्या होत्या. मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं आणि सगळे आकडे पुढे ठेवले.

काझींनी ते वाचले. पहिल्यांदा म्हणाले, “वा!” मग त्यांचा चेहरा उतरला. “तुम्ही मला हे आत्ता का दाखवताय, मॅडम?”

“चाचणी थांबवायला.”

“थांबवायला? माझ्या वॉर्डात माणसं रक्त जाऊन जाऊन पांढरी पडलीत, आणि तुम्ही मला नळ्या दाखवताय? जिवंत जीवाणू काम करतोच ना? मग का करतो ते नंतर शोधा की निवांत!”

“तुमचे किती रुग्ण स्टेरॉइडवर आहेत?”

“बहुतेक सगळे.”

“म्हणजे प्रतिकारशक्ती दाबलेली. आतड्याला जखमा. त्यातून एखादा जिवंत जीवाणू रक्तात गेला तर?”

“शक्यता अगदी थोडी आहे. समितीनं हे सगळं बघूनच परवानगी दिलीय.”

“समितीनं माझ्या शब्दावर दिलीय, डॉक्टर. मी लिहून दिलं होतं की जीवाणू जिवंतच लागतो, दुसरा मार्ग नाही. म्हणून तो थोडा धोका त्यांनी मान्य केला. आता दुसरा मार्ग दिसतोय. मग माझा शब्द मला मागे घ्यायला हवा.”

काझी उठून येरझारा घालायला लागले. “मेलेल्या जीवाणूची पुडी करायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. उंदरांपासून! वर्षं जातील. आणि तुमच्या नावाचं काय? लोक तुम्हाला ‘जिवंत स्पर्श’वाल्या बाई म्हणून ओळखतात.”

“माझ्या नावाचं मी बघते.”

काझी दारापर्यंत गेले आणि वळले. “चाचणीत पहिलं नाव सुगंधा कोरेंचं आहे. शिक्षिका आहेत जयसिंगपूरच्या. महिनाभर त्या दिवाळीची वाट बघतायत. त्यांना मी सांगणार नाही. तुम्ही सांगा.”

“सांगते की,” मॅडम म्हणाल्या.

त्याच दुपारी आम्ही वॉर्डात गेलो. सुगंधाताई पस्तिशीच्या असतील. हाताला रक्ताची बाटली लावलेली होती, तरी केस नीट विंचरून, कुंकू लावून, शाळेत निघाल्यासारख्या बसल्या होत्या. मॅडमना बघून त्यांचा चेहरा फुलला. “तुम्हीच का त्या? काझीसाहेब सांगत होते. या, बसा.”

मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

“म्हणजे दिवाळीनंतर नाही?” सुगंधाताईंनी विचारलं.

“नाही.”

“मग कधी?”

“सांगता येत नाही. वर्षं लागतील.”

“मला वर्षं कुठली ओ, मॅडम?” त्यांचा आवाज चिरकला. “एक तास धड घेता येत नाही मला. मधेच पळावं लागतं. पोरं हसतात. लग्नाकार्याला जायचं बंद झालं. कुठंही गेलं की आधी संडास कुठाय ते बघायचं. काय तो धोका असेल तो मी घेते की! सही करून देते!”

“तुम्ही घ्याल. पण द्यायला मी तयार नाही.”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मॅडम हलल्या नाहीत. समजूत घातली नाही, हातावर हात ठेवला नाही. नुसत्या स्टुलावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं सुगंधाताई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, “एवढं काय सापडलं तुम्हाला?”

आणि मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं, माझ्यासारख्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. “प्रत्येक जिवाचा एक मजकूर असतो, डीएनए म्हणतात तो. तुमचा, माझा, जीवाणूचाही. आपल्या मजकुरावर जागोजागी बारीक खुणा केलेल्या असतात. जीवाणूच्या मजकुरावर तशा नसतात. आपल्या पेशीच्या पोटात एक पहारेकरी बसलेला असतो. त्याला बिनखुणेचा मजकूर सापडला की कळतं, हा बाहेरचा.”

सुगंधाताईंनी मान वळवली. “मग तो आरडाओरडा करेल की.”

मॅडमचे डोळे चमकले. “बरोबर! करायलाच पाहिजे. बऱ्याच जीवाणूंच्या बाबतीत करतोही. पण ह्या ताकातल्या जीवाणूचा मजकूर वाचला की तो उलट बाकीच्यांना गप्प करतो.”

“का?”

“ते मला अजून कळलेलं नाही.”

“आणि जीवाणू मेलेला असला तरी चालतं?”

“बशीतल्या पेशींना चालतं. माणसाला चालेल का, ते बघायचंय.”

सुगंधाताईंनी डोळे पुसले. “सातवीच्या पोरांना सांगण्यासारखं आहे हे,” असं म्हणाल्या आणि मग पुन्हा त्यांना रडू आलं.

जानेवारीत पुण्याला परिषद होती. मॅडमचा सत्कार आणि त्यानंतर त्यांचं भाषण. पत्रिकेवर विषय छापलेला होता, ‘जिवंत स्पर्श’. सभागृह भरलं होतं. शाल-श्रीफळ झालं आणि मॅडमनी ती शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. पडद्यावर त्यांच्या जुन्या पेपरातला आलेख लावला.

“हा आलेख खरा आहे,” त्या म्हणाल्या. “त्यावरून मी जो निष्कर्ष काढला, तो चुकीचा होता. तो कसा चुकला, ते आज सांगणार आहे.”

सभागृहात कुजबुज झाली आणि थांबली. त्या बोलत राहिल्या. म्हातारा फ्लास्क, उकळणं, एन्झाइम. दोन वेळा त्यांनी माझं नाव घेतलं आणि दुसऱ्यांदा मला उभं केलं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ संशोधकांनी हात वर केला. मॅडमशी त्यांचं फारसं पटत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे बाई, एवढी वर्षं तुम्ही आम्हाला चुकीच्या वाटेनं नेलंत, असं समजायचं का?”

“हो,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी तुमच्याही पुढं चालत होते. पण मोजमापं नीट ठेवली होती, त्यामुळे कुठून परत फिरायचं ते सापडलं. तुमच्याकडं त्या काळातले साठवलेले नमुने असतील, तर तुम्हीही एन्झाइम घालून बघा. मला खोटं ठरवता आलं तर फार आवडेल.”

त्या गृहस्थांनीच पहिल्यांदा टाळी वाजवली.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, “मॅडम, वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. चार दिवस जेवण गेलं नाही मला. देवासमोर बसले तरी तो पेपरच डोळ्यांपुढं.” त्यांनी कप खाली ठेवला. “पण मगदूम, एन्झाइमचा तो आलेख बघितलास? काय सुंदर आलाय! आयुष्यात एवढा स्वच्छ आलेख मला मिळाला नव्हता.” आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

उन्हाळ्यात सुगंधाताईंचा आजार औषधांना जुमानेना. शेवटी शस्त्रक्रिया करून मोठं आतडं काढावं लागलं. काझींनी फोनवर सांगितलं तेव्हा मॅडमनी फक्त “बरं” म्हटलं आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या नेहमीच्या जागी होत्या, पदर खोचून.

उंदीर झाले, विषारीपणाची तपासणी झाली, समित्या झाल्या. माझी पीएचडी झाली, तरी मी तिथेच राहिलो. मॅडम निवृत्त झाल्या आणि निवृत्तीनंतरही रोज येत राहिल्या. अखेर काझींच्या वॉर्डात मेलेल्या जीवाणूची पहिली पुडी दिली गेली. त्या रविवारी मॅडम मला म्हणाल्या, “चल, जयसिंगपूरला जाऊन येऊ.”

सुगंधाताईंनी दार उघडलं. अंगानं भरल्या होत्या, चेहऱ्यावर तेज आलं होतं. आम्हाला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांनी पाट-पाणी, विचारपूस सगळं केलं. शाळेत परत जायला लागल्याचं सांगितलं. मॅडम अवघडून बसल्या होत्या. त्यांना मी असं कधी बघितलं नव्हतं.

शेवटी सुगंधाताईंनीच विषय काढला. “एक विचारू? तेव्हा ती पुडी मिळाली असती, तर माझं आतडं वाचलं असतं का?”

“मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“आमचे हे म्हणतात, नक्की वाचलं असतं. अजून तुमच्यावर रागावून आहेत. काझीसाहेब म्हणतात, नसतंच वाचलं.” त्या जरा हसल्या. “माहीत नाही म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

मॅडमनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, “पुडी सुरू झालीय. परवापासून. ते तुम्हाला सांगायला आले.”

“खरं? पहिलं कोण?”

“कवठेमहांकाळची एक मुलगी आहे. कॉलेजात शिकते. तिला आईनं मूत्रपिंड दिलंय. ते शरीरानं नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती औषधांनी अगदी खाली आणून ठेवलीय. वर हा आजार.”

सुगंधाताई विचारात पडल्या. “मग जिवंत जीवाणू तिला…”

“चाललाच नसता. मूळच्या चाचणीत तिला घेतलंच नसतं.”

“आणि ही मेलेल्याची पुडी चालते?”

“आतापर्यंत तरी काही त्रास नाही. गुण येतो का ते बघायचंय.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सुगंधाताई उठल्या आणि दोन्ही डोळ्यांना पदर लावला.

“कुठल्या कॉलेजात आहे ती?” त्यांनी विचारलं.

“सांगलीला.”

“लांब पडतं की रोज यायला-जायला.” एवढं म्हणून त्या आत वळल्या आणि आतूनच त्यांचा आवाज आला, “मॅडम, भाकरी टाकतेय. झुणका करते. तिखट चालतं ना तुम्हाला? मला आता थोडं थोडं चालायला लागलंय. जेवल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात सुगंधाताईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.